माहीत असलेले शब्द, न कळलेलं वाक्य

'रॉबिन्सन स्टोल सेकंड.' तीन शब्दांचं वाक्य. पहिला शब्द माणसाचं नाव, उरलेले दोन शाळेत शिकलेले: स्टोल म्हणजे चोरलं, सेकंड म्हणजे दुसरं. व्याकरणही सोपं, साधा भूतकाळ. तरीही ज्याने बेसबॉल कधी पाहिलेला नाही अशा, इंग्रजीत पदवी घेतलेल्या माणसालासुद्धा या वाक्यातून काही हाती लागत नाही. शब्दकोश उघडला तरी लागणार नाही, कारण अडलेला एकही शब्द नाही.

हे वाक्य आमच्या, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचं आहे असं म्हटलं तरी चालेल. १८ एप्रिल १९४६ रोजी इथल्या रूझवेल्ट स्टेडियमवर जॅकी रॉबिन्सन माँट्रिअल रॉयल्स संघाकडून जर्सी सिटी जायंट्सविरुद्ध खेळायला उतरला. त्याआधी कित्येक दशकं त्याच्यासारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये जागा नव्हती. त्या दिवशी रॉयल्स १४-१ असे जिंकले. रॉबिन्सनने एक होमरन मारला आणि दोन बेस 'चोरले'. वर्षभराने, एप्रिल १९४७ मध्ये, तो ब्रुकलिन डॉजर्सकडून सर्वोच्च स्तरावर खेळू लागला. ते स्टेडियम १९८५ मध्ये पाडलं गेलं, पण रॉबिन्सनचा पुतळा जर्नल स्क्वेअरला उभारलेला आहे. तिथून पाथ गाडी पकडून रोज न्यूयॉर्कला कामाला जाणारी मराठी माणसं कमी नाहीत.

आता चोरीचा अर्थ. बेसबॉलच्या मैदानात धावणाऱ्याला ओळीने चार ठाणी गाठायची असतात. पहिल्या ठाण्यावर उभा असलेला खेळाडू, फलंदाजाचा फटका लागण्याची वाट न बघता, चेंडू टाकला जात असतानाच दुसऱ्या ठाण्याकडे सुटतो आणि प्रतिपक्षाने बाद करायच्या आत तिथे पोचतो. हे वाचल्याबरोबर क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला 'चोरटी धाव' आठवेल. खेळ वेगळा, नियम वेगळे, पण गाफील क्षण साधून जागा पटकावण्याची कल्पना तीच. एवढी कल्पना आली की तीन शब्दांचं ते वाक्य आपोआप उलगडतं, आणि पुढच्या वेळी कुठे दिसलं तर थांबावंही लागत नाही.

याच खेळावर १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन अमेरिकन संशोधिकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सातवी-आठवीतली ६४ मुलं घेतली. काही वाचनात हुशार, काही कच्ची. आणि या दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारी व न जाणणारी अशी दोन्ही प्रकारची. सर्वांना एका सामन्यातल्या काही वेळच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. मग मैदानाची छोटी प्रतिकृती समोर ठेवून, खेळाडूंच्या बाहुल्या हलवून काय घडलं ते दाखवायला आणि सांगायला लावलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे निघाली. खेळ जाणणाऱ्या हुशार मुलांच्या ती जवळजवळ बरोबरीला आली.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. शब्द पाठ करा, व्याकरणाचे नियम घोटा, मग उताऱ्याखालचे प्रश्न सोडवा, अशा तीन वेगळ्या खणांत आपण इंग्रजीचा सराव विभागून टाकला आहे. उतारा एक दिवस मधमाश्यांवर, दुसऱ्या दिवशी मार्को पोलोवर, तिसऱ्या दिवशी ज्वालामुखीवर. प्रत्येक वेळी वाचणारा अनोळखी मुलखात जाऊन पडतो आणि 'माझं वाचन कच्चं आहे' असं मनाशी धरून बसतो. वास्तविक वाचनाची समज ही सुटी कला नाही. वाचणाऱ्याला विषयाचं किती ठाऊक आहे, यावर तिचा मोठा भाग उभा असतो.

जर्सी सिटीत इंग्रजी शिकू पाहणारी मराठी माणसं कोण आहेत, हेही इथे पाहायला हवं. न्यूपोर्ट आणि एक्स्चेंज प्लेसच्या उंच इमारतींत राहणाऱ्या, संगणक क्षेत्रात किंवा बँकांत नोकरी करणाऱ्यांचं इंग्रजी कामापुरतं पक्कं असतं. अडचण त्यांच्याबरोबर आलेल्यांची असते. मराठी माध्यमात शिकून इथे आलेली पत्नी, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आई-बाबा, किंवा कायमचे राहायला आलेले आणि आता नागरिकत्वाच्या परीक्षेला बसायचं ठरवलेले काका-काकू. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. आज साठीत असलेल्यांनी ते पाचवीपासून घेतलं, त्याआधीच्या कित्येकांनी आठवीपासून. न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या इंडिया स्क्वेअरमध्ये भाजी, मसाले, सोनं, मिठाई सगळं हिंदी-गुजरातीवर भागतं. पण चार चौक पुढे गेलं की पाटी इंग्रजी, फोनवरचा आवाज इंग्रजी आणि दवाखान्यातला फॉर्मही इंग्रजी.

या माणसांना शब्द येत नाहीत असं नाही. रस्त्यावरची 'नो स्टँडिंग' ही पाटी घ्या. नो येतं, स्टँडिंग येतं. आमच्या इमारतीतल्या एका काकू पहिल्या आठवड्यात त्या पाटीपासून मुद्दाम चार पावलं दूर जाऊन उभ्या राहत. त्यांनी वाक्य अगदी बरोबर वाचलं होतं. पाटी माणसांसाठी नसून गाड्यांसाठी आहे, आणि गाडी उभी करून निघून जाणं वेगळं व चालकाने आत बसूनच गाडी थांबवून ठेवणं वेगळं असा भेद इथले वाहतुकीचे नियम करतात, हे ठाऊक नव्हतं एवढंच. सुनेने एकदा समजावून सांगितल्यावर 'नो पार्किंग', 'नो स्टॉपिंग' या शेजारच्या दोन पाट्याही त्यांना लागल्या. एक विषय कळला आणि तीन शब्दप्रयोग पक्के झाले, ते पुन्हा न विसरण्याइतके.

शब्दसंग्रह किती असावा, यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन हे या क्षेत्रातलं मोठं नाव. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले शंभरातले सुमारे ९८ शब्द आधीपासून ओळखीचे हवेत, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या हू आणि नेशन यांच्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे पन्नास शब्दांमागे एखादाच अनोळखी शब्द. इंग्रजीतले सर्वांत जास्त वापरले जाणारे दोन हजार शब्द त्यांच्या रूपांसकट आले, तर साधारण छापील मजकुरातला ८० टक्क्यांच्या आसपासचा भाग ओळखीचा होतो. ऐकायला हे पुष्कळ वाटतं, पण मग पाचातला एक शब्द अनोळखी राहतो आणि अर्थ नेमका त्याच शब्दात दडलेला असतो. वर्तमानपत्र किंवा कादंबरी सहज वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात, असा नेशन यांचा २००६ मधला हिशेब आहे.

आठ हजार हा आकडा पाहून धीर खचू देऊ नये. तो कुठल्याही विषयावरचं काहीही वाचायचं असेल तेव्हाचा आहे. एकाच विषयावर वाचत राहिलं तर तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. पहिल्या लेखाला दम लागतो, तिसऱ्या-चौथ्या लेखापासून वाट सपाट होत जाते. स्टीफन क्रॅशन या भाषाभ्यासकाने अशा वाचनाचा आग्रह १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून धरला: लेखक एक धरा किंवा विषय एक धरा, आणि त्यातच भरपूर वाचा. वीज मंडळात उभं आयुष्य काढलेल्या काकांनी इथल्या विजेच्या बिलापासून सुरुवात करावी. न्यू जर्सीच्या बिलात वीज पुरवण्याचा आकार आणि ती घरापर्यंत पोचवण्याचा आकार वेगवेगळा दाखवलेला असतो. सप्लाय आणि डिलिव्हरी हे दोन शब्द नवख्याला गोंधळात टाकतील. काकांना मात्र निर्मिती आणि वितरण यांतला फरक कुणी शिकवायला नको. किलोवॅट-तास तर त्यांच्या घरचाच. बिलाच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर ते इंग्रजी माध्यमातल्या नातवापेक्षा चांगला समजून घेतील, आणि ओघात चार्ज, रेट, यूसेज, ड्यू, बॅलन्स हे शब्द त्यांच्या खिशात पडतील. शिवणकाम करणाऱ्या बाईने शिवणाच्या नमुन्यांबरोबर येणाऱ्या सूचना वाचाव्यात. मधुमेह असणाऱ्याने मधुमेहाची पत्रकं वाचावीत. आपल्याला आधीच ठाऊक आहे ते नव्या भाषेत वाचणं हा सर्वांत जवळचा रस्ता.

वाचकाच्या पातळीला उतरणारी इंग्रजी पुस्तकं रचण्याची पद्धत ज्यांनी घडवली, त्यांतले एक मायकेल वेस्ट हे अविभाजित बंगालात, ढाक्यात, काम करत होते. बंगाली मुलांना बोलण्यापेक्षा आधी वाचता येण्याची गरज आहे आणि पाठ्यपुस्तकं नवनव्या शब्दांनी इतकी गच्च भरलेली असतात की मूल वाचनाचा आनंद घेऊच शकत नाही, हे त्यांना दिसलं. म्हणून नवा शब्द विरळ पेरायचा आणि पेरला की लगेच पुष्कळदा वापरायचा, अशा पद्धतीने त्यांनी वाचनमाला तयार केल्या. त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली गेली. आज ग्रंथालयांतून 'ग्रेडेड रीडर' म्हणून पातळीवार मांडलेली पुस्तकं असतात, ती याच विचाराची. जर्सी सिटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड शहरातल्या रहिवाशाला फुकट मिळतं. मोठ्या माणसाने बालविभागात बसून वाचण्यात कमीपणा मानू नये. अमेरिकन मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रांत आणि विज्ञानाच्या पुस्तकांत वाक्यं आखूड असतात, चित्रं असतात, आणि माहिती मात्र बालिश नसते.

मराठी माणसाला इंग्रजीच्या सरावाची परंपरा नाही असं नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, ते एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ घेऊन. तोच मजकूर दोन भाषांत शेजारी शेजारी. आज परदेशी भाषा शिकवणारे द्विभाषिक पुस्तकांची शिफारस करतात. आपलं पहिलं वर्तमानपत्रच तशा रचनेचं होतं. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, १८४७ साली कँडींचा इंग्रजी-मराठी. आणि नंतर पिढ्यान्पिढ्या घरोघरी राहिली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. नियम वाचायचा, मराठी वाक्यांचं इंग्रजी करायचं, इंग्रजीचं मराठी करायचं. आजोबांच्या कपाटातली ती पुस्तकं बॅगेत घालून अमेरिकेला घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ धजावत नाही. ज्याने तर्खडकर मन लावून केला त्याला वाक्याचा सांगाडा दिसतो, आणि हे फार मोठं भांडवल आहे. उणीव एकच राहते. त्यातली वाक्यं सुटी सुटी असतात. एका वाक्यातला माणूस पुढच्या वाक्यात भेटत नाही, त्यामुळे सलग मजकुरात अर्थ पुढे कसा वाहत जातो याचा सराव होत नाही.

सांगाडा दिसणं का हवं, हे न्यू जर्सीच्या वाहनचालक परवान्याची तयारी करणाऱ्याला लगेच कळतं. लेखी परीक्षेत ५० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ४० बरोबर लागतात, आणि त्यासाठी वाचायची पुस्तिका लांबच लांब वाक्यांची. अशा बांधणीचं एक वाक्य घेऊ: 'अ ड्रायव्हर ॲप्रोचिंग अ स्कूल बस दॅट हॅज स्टॉप्ड विथ इट्स रेड लाइट्स फ्लॅशिंग मस्ट स्टॉप ॲट लीस्ट ट्वेंटी-फाइव्ह फीट अवे.' मराठीत हेच आपण असं म्हणू: लाल दिवे लुकलुकत थांबलेल्या शाळेच्या बसजवळ येणाऱ्या चालकाने किमान २५ फूट अंतरावर थांबलंच पाहिजे. दोन्हीकडे मजकूर तोच, पण मांडणी उलटी. मराठी नामाआधी सगळी विशेषणं रचत येते आणि शेवटी 'चालकाने' म्हणते. इंग्रजी 'ड्रायव्हर' आधी सांगून टाकते आणि त्याच्यामागे शेपटासारखी माहिती जोडत जाते, त्यामुळे कर्ता आणि 'मस्ट स्टॉप' हे क्रियापद यांच्यामध्ये डझनभर शब्द येऊन बसतात. मराठी मनाने वाचणारा मधल्या 'हॅज स्टॉप्ड'लाच मुख्य क्रियापद समजतो, आणि मग पुढचं 'मस्ट स्टॉप' कुणाचं हे कळेनासं होतं.

यावर सराव सोपा आहे. लांब वाक्य आलं की पेन्सिलीने मुख्य कर्त्याखाली आणि मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायची, मधला भाग कंसात टाकायचा. 'ड्रायव्हर मस्ट स्टॉप' एवढं हाती आलं की कंस एकेक करून उघडायचा. कोणता ड्रायव्हर? बसजवळ येणारा. कोणती बस? थांबलेली. कशी थांबलेली? दिवे लुकलुकत. दिवसाला अशी चार-पाच वाक्यं पुरतात. महिनाभरात रेघ मारायची गरज कमी होत जाते, कारण डोळा स्वतःच क्रियापद शोधू लागतो.

काळांच्या बाबतीतही व्याकरण आणि आकलन किती एकमेकांत गुंतलेलं आहे ते विमानतळावर दिसतं. 'हाउ लाँग आर यू हिअर फॉर?' असं अधिकाऱ्याने विचारलं तर तुम्ही किती दिवस राहणार हे त्याला हवं आहे. 'हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?' असं दवाखान्यात कुणी विचारलं तर किती दिवसांपासून आहात, हा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर सहा महिने, दुसऱ्याचं तीन आठवडे. ऐकणाऱ्याच्या कानावर 'हाउ लाँग' आणि 'हिअर' हेच शब्द ठळकपणे पडतात, आणि अर्थ ठरवणारं 'हॅव बीन' हलक्या उच्चारात निसटून जातं. मराठीत आपण 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' असं वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य जिभेवर येतं. समोरच्याला ते समजतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र तोच काळ ऐकताना ओळखता आला नाही तर चुकीचं उत्तर दिलं जातं, म्हणून त्याचा सराव बोलण्याआधी ऐकण्या-वाचण्यात करावा.

'अ', 'ॲन' आणि 'द' यांचं मात्र वेगळं आहे. मराठीत उपपदं नाहीत आणि नियमांच्या याद्या पाठ करून ती अंगवळणी पडलेला मनुष्य मला भेटलेला नाही. यासाठी एक जुनी युक्ती आहे. विल्सन टेलर यांनी १९५३ साली 'क्लोझ' नावाची पद्धत मांडली: उताऱ्यातले काही शब्द गाळायचे आणि वाचणाऱ्याला ते भरायला लावायचे. मजकूर वाचकाला किती सोपा-अवघड जातो हे मोजायला तिचा जन्म झाला, पण सरावासाठी ती अप्रतिम आहे. आपण वाचून समजलेल्या लेखाची छायाप्रत काढावी, त्यातली सगळी उपपदं पांढऱ्या शाईने खोडावीत आणि दोन दिवसांनी भरून मूळ लेखाशी ताडून पाहावं. समजलेल्या लेखाचीच छायाप्रत हवी, कारण 'द' कुठे येतं हे त्या वस्तूचा उल्लेख आधी झाला आहे का, वाचणाऱ्याला ती ठाऊक आहे का, यावर ठरतं. सुट्या वाक्यांत हे कधीच दिसत नाही. सलग लेखात दर दोन ओळींनी दिसतं.

आता लक्षात ठेवण्याविषयी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेलं पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरतं आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्याने आकड्यांत दाखवलं. म्हणून एका रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटं बरी. दुसरा महत्त्वाचा शोध २००६ चा, रोडिगर आणि कार्पिक यांचा. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. उतारा पुन्हा वाचताना तो ओळखीचा वाटतो आणि आपल्याला आलं असा भास होतो. मिटून आठवताना डोक्याला कष्ट पडतात आणि ते कष्टच उपयोगी पडतात.

तेव्हा वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ अशी यादी करून ती वाचत राहणं हा सर्वांत कमी फळ देणारा मार्ग आहे. अर्थाची बाजू झाकून तो आठवावा, मग शब्दाची बाजू झाकून शब्द आठवावा. अर्थ मराठीत लिहायला मुळीच हरकत नाही. इंग्रजीतच विचार करा, मराठी विसरा असं जे शिकवणारे सांगतात ते मला पटत नाही. प्रौढ माणसाची सगळी समज मराठीत साठवलेली असते, तिला दाराबाहेर ठेवून त्याने काय शिकावं? शब्दाबरोबर तो जिथे भेटला ते वाक्य मात्र जरूर लिहावं. आणि लेख वाचून झाला की तो बंद करून, त्यात काय होतं ते घरच्यांना मराठीत सांगावं. आकलनाची यापेक्षा खरी परीक्षा मला माहीत नाही. जे सांगता येत नाही ते समजलेलं नसतं, आणि कुठल्या परिच्छेदाकडे परत जायचं तेही त्यामुळे कळतं.

यांतल्या बहुतेक सिद्धांतांच्या कितीतरी आधी दोन मराठी स्त्रियांनी हे करून दाखवलं आहे. आनंदीबाई जोशी यांना घरी पती गोपाळराव शिकवत. त्यांच्या इंग्रजीला खरी धार आली ती पत्रांमुळे, असं मला वाटतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी एका मासिकात गोपाळरावांच्या पत्राविषयी वाचलं आणि १८८० मध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. सण, चालीरीती, आजारपणं, बायकांच्या जगण्याचे प्रश्न, सगळं त्या इंग्रजीत लिहीत होत्या. विषय आपल्या घरचे, आणि पलीकडे ते जाणून घ्यायला उत्सुक असलेलं एक जिवंत माणूस. तीन वर्षं असं लिहिल्यावर फेब्रुवारी १८८३ मध्ये, अठरा वर्षंही पूर्ण झालेली नसताना, त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला भरल्या सभेत इंग्रजीतून भाषण केलं आणि आपण अमेरिकेला का जात आहोत ते सांगितलं. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, कार्पेंटर मावशींकडे रोझेलला राहिल्या. रोझेल ज्या रेल्वेमार्गावर होतं त्याचं टोक जर्सी सिटीच्या किनाऱ्यावर होतं; तिथून पुढे न्यूयॉर्कला जायला फेरीबोट. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या.

तो पदवीदान समारंभ पाहायला पंडिता रमाबाई अमेरिकेत आल्या. रमाबाईंनी पुण्यात इंग्रजीचे धडे घ्यायला सुरुवात केली ती १८८२ मध्ये, आणि १८८७ मध्ये त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात छापलं गेलं. पाच वर्षांत पुस्तक. यामागे असामान्य बुद्धी होती हे खरंच, पण आणखीही एक गोष्ट होती. शास्त्रग्रंथ, स्मृती, विधवांची स्थिती हा पुस्तकाचा विषय त्यांना मुखोद्गत होता. त्यांना फक्त भाषा शिकायची होती, म्हणायचं काय हे आधीच ठरलेलं होतं.

परीक्षा हा शब्द ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी नागरिकत्वाच्या इंग्रजी परीक्षेविषयी थोडं. आधी एक जुनी परीक्षा. एलिस बेट, ज्याचा बराचसा भाग १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने न्यू जर्सीचा ठरला आणि जिथे जर्सी सिटीहून बोटीने जाता येतं, तिथे १९१७ च्या कायद्यानंतर सोळा वर्षांवरच्या स्थलांतरितांची, देशात प्रवेश देण्याआधी, वाचनपरीक्षा घेतली जाई. तीस ते चाळीस शब्दांचा मजकूर, आणि तो ज्याच्या त्याच्या भाषेत. त्याच कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग निषिद्ध ठरवला, त्यामुळे ती मुभा आपल्या लोकांच्या वाट्याला आली नाही. आजच्या नागरिकत्वाच्या परीक्षेत वाचन इंग्रजीत असतं, पण त्याचे शब्द सरकारने जाहीर केलेले आहेत: वॉशिंग्टन, लिंकन, प्रेसिडेंट, काँग्रेस, सिटिझन, व्होट, डॉलर बिल, आणि हू-व्हॉट-व्हेअरसारखे प्रश्नार्थक. बहुतेक एकाच विषयाचे, देशाचा इतिहास आणि राज्यव्यवस्था. म्हणजे याच परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या नागरिकशास्त्राच्या प्रश्नांची तयारी आणि वाचनाची तयारी ही दोन कामं नाहीत. वॉशिंग्टन आणि लिंकन यांची मुलांसाठीची दोन-तीन चरित्रं ग्रंथालयातून आणून मिटून आठवत वाचली, की यादीतले बहुतेक शब्द त्यात येऊन जातात.

वयाची सवलतही आहे. पन्नाशी ओलांडलेले आणि २० वर्षं कायम रहिवासी असलेले, किंवा पंचावन्न ओलांडलेले आणि १५ वर्षं कायम रहिवासी असलेले अर्जदार इंग्रजीच्या परीक्षेतून मोकळे असतात. नागरिकशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरं त्यांना दुभाष्यामार्फत मराठीत देता येतात. ज्यांना सवलत नाही त्यांच्यासमोर अधिकारी वाचायला जास्तीत जास्त तीन वाक्यं ठेवतो. त्यातलं एक नीट वाचलं की वाचनाचा भाग संपतो. लिहिण्याचंही तसंच, सांगितलेल्या तिनांपैकी एक वाक्य समजेल असं लिहायचं. स्पेलिंगमधल्या बारीकसारीक चुकांनी अर्थ बदलत नसेल तर त्या धरत नाहीत.